जुन्या ट्रकचा ॲव्हरेज आणि स्कॅनरचं पोर्ट: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या, की स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्याच्या तक्रारी वाचायचं यंत्र) गाडी दुरुस्त करत नाही, गाडीचं म्हणणं फक्त आपल्यापर्यंत आणतो. त्यावर सोलापूर जिल्ह्यातून एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागलं. डिझेल नव्वदच्या आसपास आणि भाडं तिथंच, त्यामुळं प्रत्येकाचा प्रश्न शेवटी एकाच जागी येतो, ॲव्हरेज, म्हणजे लिटरला गाडी किती किलोमीटर जाते.

प्रश्न: माझी दहा चाकी, २००८ मॉडेल. मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबाद लाईन करतो. पूर्वी साडेचारचा ॲव्हरेज होता, आता पावणेचारच्या वर जाईना. पोरानं ऑनलाइन ब्लूटूथवाला स्कॅनर मागवलाय आणि दोन दिवस झालं डॅशबोर्डखाली पोर्ट शोधालाय, सापडंना. ते पोर्ट कुठं असतं आणि स्कॅनर लावल्यावर ॲव्हरेज वाढल का? (सोलापूर)

काका, पोराला सांगा शोधणं थांबव, तुमच्या गाडीला ते पोर्टच नाही. ओबीडी पोर्ट म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीयूशी बोलायची जागा. तुमच्या गाडीला इंजिनला डिझेल पुरवणारा जुना मेकॅनिकल पंप आहे, त्यात डिझेल किती सोडायचं हे गव्हर्नरची (वेग सांभाळणाऱ्या भागाची) वजनं, स्प्रिंग आणि रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) ठरवतात, कॉम्प्युटर नावाची गोष्टच तिथं नाही मग बोलणार कोण. खात्री करायची असेल तर ॲक्सिलेटरच्या पेडलपासून निघालेला रॉड किंवा केबल कुठं जाते ते बघा, सरळ पंपावर जात असेल आणि नोझलवर (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागावर) एकही वायर नसेल तर विषय संपला.

देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस४ (भारत स्टेज ४, गाडीच्या धुराचे सरकारी नियम) आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं, त्या ट्रकांना पोर्ट मिळतंच. त्याआधीच्या काही बीएस३ गाड्यांत छोटा कंट्रोलर असतो, तिथं बघून ठरवावं लागतं. बीएस४ आपल्या सोलापूरला २०१० मध्येच आलं होतं, पहिल्या १३ शहरांच्या यादीत दिल्ली-मुंबईबरोबर आपलं नाव होतं, पण नॅशनल परमिटवर फिरणारे ट्रक त्यातून वगळले होते म्हणून आपल्याकडं २०१० नंतरचेसुद्धा बीएस३ ट्रक भरपूर दिसतात.

आता खरा प्रश्न, साडेचारचे पावणेचार का झाले. महिन्याला ८,००० किलोमीटर धरले तर आधी १,७७८ लिटर लागत होतं आता २,१३३ लागतंय, म्हणजे ३५५ लिटर जादा, ९० च्या भावानं जवळजवळ ३२ हजार रुपये दर महिन्याला. हे पैसे कुठं जातायत ते स्कॅनरशिवाय शोधता येतंय, आमच्या पिढीतले मेकॅनिक तसंच शोधत आलेत.

पहिलं बघा धूर. चढावर लोड घेताना थोडा काळा धूर जुन्या गाडीला चालतो, पण सपाट रस्त्यावर सरळ चालताना काळा निघत असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टरच्या नळीवर लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर असतो तो बघा. बऱ्याच गाड्यांत तो फुटून गेलेला असतो आणि कोणी बदलत नाही, आणि आपल्या भागातली धूळ माहितीच आहे, उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यानं गोडाऊनला दोनदा आत-बाहेर केलं की फिल्टर भरतो. मग टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) ते मॅनिफोल्ड (इंजिनात हवा जायची वाट) जाणारी रबर होज बघा, इंजिन चालू ठेवून एकानं रेस द्यायची आणि दुसऱ्यानं जॉइंटवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे आले की हवा तिथून पळतीय. शंभर-दीडशेच्या क्लॅम्पवरून महिन्याला हजारो रुपये गेलेले मी स्वतः बघितलेत.

हवेचं ठीक असेल तर पंप आणि नोझल. इथं एक विचारतो, रागावू नका. मधे कोणी 'पंप वाढवून' दिलाय का? गाडी ओढत नाही म्हटलं की काहीजण पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवतात, दोन दिवस गाडी पळल्यासारखी वाटते, नंतर धूर, गरम एक्झॉस्ट आणि डिझेलचा खड्डा. सील तुटलेलं दिसलं तर पंप काढून चांगल्या पंप रूममध्ये टेस्ट बेंचवर कंपनीच्या आकड्याला कॅलिब्रेट करून घ्या, अंदाजानं नको. नोझल हँड टेस्टरवर लावून समोर उभं राहून बघा, फवारा धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे आणि प्रेशर धरून ठेवल्यावर टोकाला थेंब यायला नको. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कधी सेट केले ते आठवत नसेल तर तेही करून घ्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि गॅरेजमध्ये ती कोणी बघत नाही, गाडी मोकळी फिरतीय का. नळदुर्गच्या पुढं कुठं ढाब्यावर थांबणार असाल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक फार न मारता गाडी थांबवा, आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावू नका, भाजेल. हजार-पंधराशेला लेझरवाला थर्मामीटर मिळतो तो असला तर उत्तमच. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय नाहीतर बेअरिंग कडक झालंय, म्हणजे इंजिन ओढतंय आणि ब्रेक मागं खेचतोय. टायरची हवा सकाळी गाडी निघायच्या आधी, थंड असताना गेजनं बघा, काठीनं वाजवून कळत नाही. मागच्या जोडीतलं आतलं टायर जरूर बघा, ते वाकून बघायचा कंटाळा येतो म्हणून तेच कमी हवेचं निघतं. आणि दुपारी गरम टायरमधली हवा जास्त दिसतीय म्हणून काढायची नाही, ती गरम झाल्यामुळं वाढलेली असते, काढली की रात्री टायर बसतंय.

पोरानं आणलेला तो स्कॅनर फेकू नका, घरात २०१३ नंतरची कार असेल तर तिला चालेल. दुसऱ्या कुठल्या ट्रकला मात्र लावू नका, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आलंय.

प्रश्न: माझी सहा चाकी २०१८ ची, बीएस४. चेक लाइट लागते, गाडी चढाला दम टाकते, ॲव्हरेज अर्ध्या-पाऊण किलोमीटरनं पडलाय. एका गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून 'एरर काढली', पैसे घेतले, चार दिवसांनी लाइट परत. असं तीनदा झालं. कागदावर एसपीएन १०२ एफएमआय ४ लिहून दिलंय. आता टर्बो बदला म्हणतोय. बदलू का? (बार्शी)

भाऊ, टर्बोला आत्ता हात लावू नका.

ट्रकमध्ये कोड दोन आकड्यांत येतो. एसपीएन म्हणजे कुठल्या गोष्टीबद्दल तक्रार आहे, एफएमआय म्हणजे तक्रार कशा प्रकारची आहे. १०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधलं प्रेशर, आपण ज्याला बूस्ट म्हणतो ते. आणि ४ म्हणजे व्होल्टेज असायला पाहिजे त्यापेक्षा कमी किंवा वायर कुठंतरी ग्राउंडला शॉर्ट. म्हणजे ईसीयू 'बूस्ट कमी आहे' असं म्हणतच नाहीये, तो म्हणतोय 'बूस्ट सेन्सरकडून येणारं व्होल्टेज माझ्या समजेच्या बाहेर आहे'. ही वायरिंगची किंवा सेन्सरची तक्रार आहे. सेन्सरवर विश्वास राहिला नाही की ईसीयू सावध होतो, डिझेल कमी करतो, गाडीची ताकद जाते, मग ड्रायव्हर गिअर खाली टाकून जास्त आरपीएमवर गाडी ओढतो आणि ॲव्हरेज पडतो.

सेन्सरचा सॉकेट काढा, आत ऑइल, पाणी, हिरवी गंजकी पिन आहे का बघा. वायर इंजिनला घासून कुठं सोलली नाही ना, उंदरानं कुरतडली नाही ना (गाडी शेतात उभी राहत असेल तर हे पहिलं बघा). मग इग्निशन ऑन करून मल्टीमीटरनं सॉकेटवर ५ व्होल्ट सप्लाय येतोय का बघायचा. नसेल तर वायरिंग शोधा, असेल आणि ग्राउंड, सिग्नल वायरपण बरोबर असतील तर मग सेन्सर. सेन्सर टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

आणि कोड नुसता पुसणं म्हणजे दुरुस्ती नाही, ताप आला की थर्मामीटर झटकल्यासारखं आहे ते. कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा, किती वेळा आला, कोणत्या आरपीएमला आला, पाणी किती गरम होतं हे जे काय दिसतंय ते सगळं. पुसलं की ते गेलं, आणि पुढच्या मेकॅनिकला शून्यापासून सुरुवात.

आता स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरबद्दल, बऱ्याच जणांनी विचारलंय. कारला १२ व्होल्ट, मोठ्या ट्रकला २४. १६ पिनच्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनवर थेट बॅटरीचा सप्लाय असतो, त्यामुळं १२ व्होल्टसाठी बनवलेला स्कॅनर २४ वर लावला तर जळू शकतो. म्हणूनच सॉकेटचे दोन प्रकार असतात, २४ वाल्या सॉकेटमधली मधली खाच तुटक असते म्हणजे कारचं प्लग त्यात बसूच नये. बसत नाही म्हणून जोर लावून बसवू नका, ती खाच तुमच्या भल्यासाठीच आहे. काही ट्रकांत १६ पिनच्या ऐवजी ९ पिनचं गोल सॉकेट असतं. आणि भाषापण वेगळी, मोठे ट्रक जे१९३९ नावाच्या पद्धतीनं बोलतात, कारचं ॲप ते समजत नाही. जे१९३९ आणि २४ व्होल्ट दोन्ही चालतं असं स्पष्ट लिहिलेलाच स्कॅनर घ्या.

चांगला स्कॅनर मिळाला तर कोडपेक्षा लाइव्ह डेटा बघायला शिका. पाण्याचं तापमान, बूस्ट, रेल प्रेशर (इंजेक्टरला, म्हणजे नोझलला मिळणाऱ्या डिझेलचं प्रेशर), आणि इंजिन उभ्यानं किती तास चाललं हा आकडा. तासाला किती डिझेल जातंय तेही दिसतं पण तो आकडा मोजलेला नसतो, ईसीयूनं 'मी एवढं सोडलं' असा केलेला हिशोब असतो. इंजेक्टर गळका असेल तर जादाचं डिझेल ईसीयूला दिसतच नाही. स्क्रीनवरचा ॲव्हरेज आणि पंपावरच्या बिलाचा ॲव्हरेज यात मोठा फरक पडायला लागला तर तो फरकच तुमचा पुरावा आहे, इंजेक्टर तपासा किंवा टाकी-पाइप कुठं गळतंय ते बघा.

प्रश्न: मोबाइलवर जाहिरात बघितली, पोर्टमध्ये एक छोटा डबा लावायचा, तो १५० किलोमीटरमध्ये ड्रायव्हरची सवय शिकतो आणि डिझेल वाचवतो. घेऊ का? (पंढरपूर)

नका घेऊ. असे डबे उघडून बघितले तर आत दोन-तीन एलईडी आणि त्या लुकलुकवणारी एक चिप निघते, ईसीयूशी बोलायच्या पिन जोडलेल्यासुद्धा नसतात. डिझेलच्या पाइपला लावायच्या चुंबकाचं तेच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं, ईपीएनं, डिझेल-पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी १०० च्या वर साधनं तपासली आहेत, त्यात फारच थोड्यांत किरकोळ फरक दिसला. त्या पैशात एअर फिल्टर येतो.

प्रश्न: मी ड्रायव्हर आहे. शेठ म्हणतात उतारावर गाडी न्यूट्रल कर, डिझेल वाचतं. तुळजापूरच्या घाटात मी करत नाही म्हणून बोलणी खातो. कोण बरोबर? (तुळजापूर)

तुम्ही बरोबर, आणि हे उत्तर शेठना दाखवा.

गाडी गिअरमध्ये आहे, पाय पेडलवरून काढलाय आणि गाडी उतारावर स्वतः इंजिनला फिरवतीय, अशा वेळी आरपीएम आयडलच्या (गाडी उभी असताना इंजिन जेवढं फिरतं त्याच्या) वर असतो तोपर्यंत जुन्या पंपाचा गव्हर्नर रॅक पूर्ण मागं घेतो, डिझेल बंद. नव्या गाडीत ईसीयू तेच करतो. म्हणजे गिअरमध्ये उतरताना खर्च शून्य. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनचा संबंध तुटतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलचं डिझेल सोडावंच लागतं. डिझेल वाचवायला जाऊन डिझेल जाळणं आहे ते.

आणि डिझेलचं सोडा, जिवाचं बघा. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अडवा गेला, सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापले की ब्रेक लागेनासे होतात, वर कॉम्प्रेसर आयडलवर ब्रेकची हवा हळू भरतो आणि तुम्ही ब्रेकचं पेडल मारून मारून टाकीतली हवा संपवताय. लोड गाडी त्या वेगात परत गिअरमध्ये टाकायला गेलात तर पडतही नाही. माझ्या ओळखीतली दोन माणसं अशा उतारावर गेली. ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच नाहीतर एक खालच्या गिअरनं उतरायचा, हे जुन्या ड्रायव्हरांनी शिकवलेलं आजही खरं आहे.

प्रश्न: उन्हाळ्यात गाडी हीट होते म्हणून मेकॅनिकनं थर्मोस्टॅट काढून टाकला. ऊस वाहतूक करतो. हिवाळ्यात काटा अर्ध्याच्या पण वर येत नाही, डिझेल जास्त खातीय. संबंध आहे का? (मोहोळ)

पूर्ण संबंध आहे. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ ला जातो म्हणून आपल्याकडं थर्मोस्टॅट काढणं हा रिवाजच पडलाय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यात इंजिन हळूहळू मरतं. थर्मोस्टॅट साधारण ८० डिग्रीच्या पुढं उघडतो, तोपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ देत नाही म्हणजे इंजिन पटकन गरम होतं आणि त्याच तापमानाला राहतं. काढून टाकला की थंडीच्या रात्री हायवेला इंजिन ६०-६५ वरच राहतं, डिझेल पूर्ण जळत नाही, थोडं लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) खाली ऑइलमध्ये उतरतं, लायनर आणि रिंगा झिजतात. ईसीयूवाली गाडी असेल तर आणखी एक, ईसीयूला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो गार इंजिनच्या हिशोबानंच चालवत राहतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करण्याचंही काम करतो, तो नसला की थोडं पाणी रेडिएटरला न जाताच फिरतं आणि उन्हाळ्यात हीटिंग उलट वाढतं.

नवीन थर्मोस्टॅट बसवा. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी तापवून त्यात टाकून बघा, उघडतोय का. आणि हीटिंगचं मूळ शोधा. उसाच्या गाडीत रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ एवढी बसलेली असते की हवाच आरपार जात नाही, मागच्या बाजूनं हलक्या प्रेशरनं धुवा. कॅप, फॅन बेल्ट, व्हिस्कस फॅन बघा. रेडिएटर आतून चोंदला असेल तर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या.

प्रश्न: युरियावाली बीएस४ आहे. एकजण म्हणतो बायपास करून देतो, युरियापण वाचेल आणि ॲव्हरेजपण वाढेल. (मंगळवेढा)

ॲव्हरेज वाढणार नाही. ही इंजिनं मुळातच डिझेल चांगलं जाळायच्या हिशोबानं सेट केलेली असतात, त्यात जो विषारी वायू जास्त होतो तो पुढं सायलेन्सरमध्ये युरिया साफ करतो. बायपासचा डबा ईसीयूला फक्त खोटं सांगतो की सगळं ठीक आहे, डिझेल तेवढंच लागतं. वाचतो तो युरिया, तोही १०० लिटर डिझेलला चार-पाच लिटरच्या आसपास. आणि हे बेकायदा आहे, शिवाय तो धूर आपल्याच गावात आपल्याच पोरांच्या छातीत जातो. अजून एक, खताचा युरिया पाण्यात कालवून टाकू नका, तो नीमकोटेड असतो, त्यानं युरियाची नोझल आणि सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट दोन्ही जातात. ३२.५ टक्क्यांचं तयार द्रावणच घ्या.

प्रश्न: माझे मिस्टर स्वतः गाडी चालवतात, टॉवेल-चादरीचा माल घेऊन न्हावा शेवा बंदराला जातात. हिशोब मी ठेवते. कधी ॲव्हरेज पाच येतो कधी चार, त्यांना विचारलं तर ते म्हणतात गाडी तशीच आहे. खरा ॲव्हरेज काढायचा कसा? (सोलापूर)

ताई, या वेळच्या सगळ्या प्रश्नांत तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण वरची सगळी उत्तरं तुमच्या वहीशिवाय अर्धी आहेत. आधी किती आणि नंतर किती हे लिहिलेलंच नसेल तर नोझल बदलून फरक पडला का हे कोणाला कळणार.

पद्धत एकच, टाकी फुल ते टाकी फुल. पंप शक्यतो तोच, गाडी सपाट जागेवर, पहिल्यांदा पंपाची नोझल आपोआप बंद झाल्यावर फेस बसू द्यायचा मग गळ्यापर्यंत भरायचं, दर वेळी तसंच. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, किती टन माल, जाताना का येताना, आणि एक शेरा: घाटात अडकले, पाऊस होता, कंपनीच्या गेटला चार तास रांग. एका टाकीवरून काही ठरवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी धरा.

किलोमीटर खरे आहेत का तेही एकदा तपासा. नायलॉनचं काढून रेडियल टाकलं किंवा टायर झिजलं की मीटर थोडा खोटं बोलतो. पुणे रोडला दगड बघत ५० किलोमीटर जाऊन मीटरशी जुळवा म्हणजे किती फरक ते कळेल.

आता तुमचे चार आणि पाच. सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटरच्या वर आहे आणि बंदर समुद्राच्या कडेला. जाताना गाडी एकूण खाली उतरते, येताना बोरघाट चढून वर यावं लागतं. परत येताना माल असला तर चार पडणं साहजिक आहे, त्यामुळं मिस्टर खरंच म्हणत असतील. जाण्याची तुलना जाण्याशी आणि येण्याची येण्याशीच करा, त्यासाठी दोन्ही टोकांना टाकी फुल करावी लागेल. रिकामी आली का भरून आली हेही वेगळं लिहा.

त्यांच्या हातात असलेल्या दोन गोष्टी आहेत. एक वेग, हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, ६५ च्या ऐवजी ८० नं गेलं तर तो दीडपट होतो आणि उंच भरलेली, ताडपत्री फडफडणारी गाडी असेल तर ते जास्तच जाणवतं. ताडपत्री ताणून बांधायला सांगा. दुसरं, रांगेत उभं असताना इंजिन चालू ठेवणं, मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला लिटर-दीड लिटर सहज पितं आणि चार तासांची रांग म्हणजे चार ते सहा लिटर, एकही किलोमीटर न जाता.

पुढच्या तीन फेऱ्यांचं जाणं-येणं वेगवेगळं लिहून वहीच्या पानाचा फोटो पाठवा, सोबत गाडीचं मॉडेल, वर्ष आणि टायर कोणते ते लिहा. ॲव्हरेज जाताना-येताना दोन्हीकडं सारखाच पडलेला दिसला तर मी ब्रेक आणि टायरपासून सुरू करायला सांगेन, फक्त चढावर पडत असेल तर हवा आणि नोझलपासून.